पाठीवरचा आरसा

विद्यापीठ वसतिगृह,
१४ जून

चि. वकीलबाईस,

अनेक आशीर्वाद. त्यांतले निम्मे तुझ्या आईकडे सुपूर्द करावेत. तिने माझ्याशी संभाषण स्थगित केले असल्याने थेट पाठवण्याची सोय नाही.

पाणीपुरवठा कार्यालयातील लिपिकपदाच्या सिंहासनाचा स्वेच्छेने त्याग करून, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, प्रस्तुत गृहस्थ इंग्रजी साहित्याच्या पदव्युत्तर वर्गात प्रविष्ट झाला आहे. सोबत माध्यमिक शाळेत अध्यापन करण्याची पदविकाही आहे. दोन वर्षांनी मी तुमच्याच शाळेत इंग्रजीचा शिक्षक म्हणून पाऊल ठेवीन. 'तुमच्याच' हा शब्द अधोरेखित समजावा.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरताच सारे विद्यार्थी उठून उभे राहिले. त्यांनी मला प्राध्यापक मानले. मी तो सन्मान मान लववून स्वीकारला आणि सरळ शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. त्यानंतर जी शांतता पसरली, तिचे वर्णन करण्यास माझी शब्दसंपदा अपुरी आहे. वसतिगृहातली पोरे मला काका म्हणतात आणि दाढीचा साबण उसना नेतात. उच्चारशास्त्राच्या तासाला आम्ही वीस प्रौढ माणसे आरशात पाहून ओठांचा चंबू करतो. अशा अवस्थेत पाणीपुरवठ्यातल्या सहकाऱ्यांनी पाहिले, तर राजीनाम्याचे कारण त्यांना आपोआप उमगेल.

तुझे वडील कसे आहेत? चौकशीचे काय झाले?

तुझा विद्यार्थी-मामा


२ जुलै

प्रिय मामा,

नमस्कार लांबूनच, कारण गुडघा फुटलाय. सायकलवरून पडले. चूक सायकलची.

आशीर्वाद आईला दिले. ती म्हणाली, "त्याला सांग, आशीर्वादाने खोलीचं भाडं भरत नाहीत." पण नंतर विचारलं, तिथे जेवण बरं मिळतं का. म्हणजे राग अर्धाच उरलाय.

बाबांना परत कामावर घेतलं! दवाखान्याच्या कोठारातून जी औषधांची खोकी कमी भरत होती, ती मुळात आलीच नव्हती. पुरवठा करणाऱ्याने लिहून दिलं तसं. साहेब म्हणाले, झालं गेलं विसरा. बाबा म्हणतात, विसरलो. पण रोज संध्याकाळी कोठाराला कुलूप लावलं की ते शिपायासमोर स्वतःच पिशवी उघडून दाखवतात. शिपाई म्हणतो, अहो भाऊ, राहू द्या. तरी दाखवतात. आणि ते कुणाकडे जात नाहीत आता. लग्नालासुद्धा नाही.

बरं, आता खरं सांग. नोकरी सोडून इंग्रजी कशाला? आईला विचारलं तर ती भांडी जोरात घासते.

तुझी वकील


१९ ऑगस्ट

चि. वकीलबाईस,

भावजींची निष्कलंकता सिद्ध झाली, याचा अतीव आनंद झाला. ती पिशवी उघडण्याची गोष्ट मात्र मी तीनदा वाचली. संशय हा असा पाहुणा आहे, की तो गेला तरी त्याची चप्पल दारात राहते. त्यांना माझा नमस्कार सांग, आणि ह्या घरात त्यांच्याविषयी कुणाला कधीच शंका नव्हती हेही सांग.

माझ्या हेतूविषयी: ज्ञानपिपासा. त्याखेरीज अन्य हेतूची चर्चा पत्राद्वारे करणे मला प्रशस्त वाटत नाही.

आमच्या प्राध्यापिका वयाने माझ्याहून बारा वर्षांनी लहान, आणि बुद्धीने तितक्याच मोठ्या. प्रबंधिकेसाठी मी जी कविता निवडली, ती त्यांना सापडेना. बारा ओळींची, जुन्या शालेय पुस्तकातली, कवीचे नावही विस्मृतीत गेलेले. एक मनुष्य पाठीवर भला मोठा आरसा घेऊन टेकडी चढतो आणि वाटेत एकदाही त्यात पाहत नाही. एवढेच. बाईंनी माझे पहिले प्रकरण वाचले आणि म्हणाल्या, "तुम्ही कविता वाचत नाही, तुम्ही खटला चालवता."

इतकी मार्मिक स्तुती आजवर कुणी केली नव्हती.

मामा


११ जुलै

मामा,

किती महिने झाले! तू परीक्षेत दुसरा आलास हे आईने सगळ्या गल्लीला सांगितलं. तुझ्याशी बोलत नाही, पण तुझ्याबद्दल बोलते.

मी नववीत गेले. आम्हाला आता बुधवारी टाचणी सर येतात. इंग्रजी शिकवायचे, आता निवृत्त झालेत, तरी कवितेचा एक तास त्यांच्याकडेच आहे आणि शिक्षकांच्या निवड समितीवरही तेच आहेत. कुणी बोलायला उठलं की ते असं काही बोलतात की त्याची हवाच जाते, म्हणून टाचणी.

काल त्यांनी तुझीच कविता शिकवली! आरशाची. मी हात वर करून सांगणार होते की माझा मामा हिच्यावर पुस्तक लिहितोय. पण त्याआधी त्यांनी एक किस्सा सांगितला. म्हणे दरवर्षी सांगतात. फार पूर्वी त्यांनी वर्गाला विचारलं, हा माणूस आरशात का बघत नाही? उत्तर असं की त्याला अहंकार नाही, त्याचं लक्ष कर्तव्याकडे आहे. पण एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आरसा पाठीवर आहे. पाठीवरच्या आरशात बघणार कसं?" सर म्हणाले, "हमालाच्या पोराला ओझंच दिसणार!" आणि मग त्या मुलाचं नावच हमाल पडलं. सगळा वर्ग हसला. मीही हसले.

घरी येऊन आईला सांगितलं. तिच्या हातातलं ताट खाली पडलं. मग मला आठवलं, आजोबा मालधक्क्यावर होते.

मामा, मी हसले. मला माहीत नव्हतं.

तुझी भाची


१६ जुलै

चि. भाचीस,

तू हसलीस यात तुझा दोष नाही. तो किस्सा हसण्यासाठीच घडवलेला आहे. तीस वर्षे त्याला पॉलिश चालू आहे.

आता तुझ्यापासून लपवण्यासारखे काही उरलेले नाही. शाळा सुटेपर्यंत मी हमाल होतो. पाणीपुरवठ्यातही हमाल होतो, कारण तिथला मुकादम माझा वर्गबंधू निघाला. मला त्याचे फारसे दुःख नाही. टोपणनाव हे जाकिटासारखे असते, काही वर्षांनी अंगाला बसते. पण तुझे आजोबा मला दररोज शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला येत. त्या दिवसानंतर पोरे फाटकावर ओरडू लागली, "हमाल आला, दोन हमाल आले!" दुसऱ्या आठवड्यापासून आजोबा कोपऱ्यावरच थांबू लागले. पुढे तेही बंद झाले. "पाय दुखतात रे," म्हणाले. मालधक्क्यावर दिवसभर पोती वाहणाऱ्या माणसाचे पाय दुखत नसतात, वकीलबाई. ते वारले तोवर शाळेच्या रस्त्याने कधी गेले नाहीत.

तेव्हा ज्ञानपिपासा वगैरे सारे थोतांड. मला त्या वर्गात, त्याच फळ्यासमोर उभे राहायचे आहे. टाचणी सर शेवटच्या बाकावर, निवड समितीच्या मधोमध, आणि पुढ्यात पोरे. तीच कविता, तोच प्रश्न. त्यांच्या उत्तराच्या मी शास्त्रशुद्ध चिंध्या करीन आणि मग अत्यंत सौम्य स्वरात म्हणेन, "तो हमालाचा मुलगा मी." एवढ्या एका वाक्यासाठी मी उच्चारशास्त्राच्या तासाला ओठांचा चंबू केला आहे.

हे तुझ्या आईला सांगू नये. तिने ताट का टाकले, हे मला कळते. मी ते उचलणार आहे.

मामा


३ फेब्रुवारी

मामा,

तुझी गुप्तहेर हजर आहे. बातमी मोठी आहे.

आमच्या इंग्रजीच्या बाई जूनपासून दुसऱ्या शाळेत जातायत. जागा रिकामी! मुख्याध्यापिकांनी सांगितलं, जो उमेदवार येईल त्याने आमच्याच वर्गाला नमुना पाठ द्यायचा. समिती शेवटच्या बाकावर बसणार आणि ती मधे अजिबात बोलायची नाही, पाठ संपेपर्यंत. असा नियमच आहे. म्हणजे टाचणी सरांना गप्प बसावं लागेल! तुला हवं तस्संच!

मी तुझ्या अर्जाची वाट बघतेय. कविता उमेदवाराने निवडायची आहे. मी ती पाठ केली. रोज झोपताना म्हणते. आणि मामा, म्हणता म्हणता मला काहीतरी वेगळंच वाटायला लागलंय. सरांसारखं नाही आणि तुझ्यासारखंही नाही. सांगू? का पाठाच्या वेळी वर्गात सांगू?

तुझी गुप्तहेर

ता. क. आई म्हणाली, अर्ज केलास की कळव, ती तुझा कोट दुरुस्त करून ठेवेल. म्हणजे बोलायला लागली.


१२ फेब्रुवारी

गुप्तहेर क्रमांक एक यांस,

अर्ज रवाना. प्रबंधिका सादर. बाईंनी शेरा मारला: "विवेचन बळकट, ऐकण्याची क्षमता साधारण." मी तो कोणत्या अर्थाने घ्यावा याचा विचार पुढे ढकलला आहे.

आता सूचना नीट वाच. मी विचारीन, "हा मनुष्य आरशात का पाहत नाही?" तू ताबडतोब हात वर करशील आणि टाचणी सरांचे उत्तर देशील: त्याला अहंकार नाही, त्याचे लक्ष कर्तव्याकडे आहे. ते मोठ्याने, स्पष्ट आणि किंचित मूर्ख चेहऱ्याने दे. मग मी त्या उत्तराचा समाचार घेईन. तू माझा समिधेचा तुकडा आहेस. यज्ञात जळणाऱ्या समिधेला मानाचे स्थान असते, हे ध्यानात ठेव.

तुला जे वेगळे वाटते, ते वाटणे निकाल लागेपर्यंत स्थगित ठेवावे. जूनपासून मी तुझा शिक्षक असेन. तेव्हा मनसोक्त वाटून घे.

आईला म्हणावे, कोटाची डावी बाही आखूड आहे.

मामा


२८ मार्च

चि. वकीलबाईस,

विजय! नियुक्तिपत्र हाती आहे. जूनपासून नववी आणि दहावी माझ्या हवाली. तुझ्या आईने माझ्या खांद्यावर डोके ठेवून रडून घेतले, तू मात्र पाठ संपताच कुठे अंतर्धान पावलीस? वर्गाबाहेर तुला शोधले, घरी आलो तर तू खोलीचे दार लावून अभ्यास करत होतीस म्हणे. त्यामुळे हे पत्र.

पाठ तू पाहिलासच, परंतु फळ्याकडून तो कसा दिसला ते सांगतो. वाचन उत्तम झाले. मुले गप्प. शेवटच्या बाकावर टाचणी सर हाताची घडी घालून. म्हातारे झाले आहेत, पण नजर तीच. मी प्रश्न विचारला. तू हात वर केलास. मी मनात म्हटले, आली समिधा.

आणि तू काय केलेस! "सर, तो आरसा चोरलेला आहे." तू पुढे बोलतच होतीस. तो घोंगडीत गुंडाळलेला आहे, तो माणूस सडक सोडून टेकडीने जातो, आणि उजाडायच्या आत. म्हणून तो त्यात बघत नाही. वर्ग कुजबुजू लागला. दुसऱ्या बाकावरचा एक म्हणाला, "हो की!" माझी दोन वर्षे, साठ पानी प्रबंधिका, तीस वर्षांचा खटला, सारे तुझ्या त्या तीन वाक्यांत वाहून चालले होते. समिती पाहत होती. काहीतरी करणे प्राप्त होते. तेव्हा मी किंचित हसून म्हणालो, "कोठारवाल्याच्या मुलीला चोरीच दिसणार!"

वर्ग जो कोसळला! तू वाक्य अर्धे टाकून बसलीस. ते उत्तमच झाले, कारण वर्ग माझ्या मुठीत आला. मला कळते आहे की तुला क्षणभर टोचले असेल. परंतु तू ठरलेले उत्तर दिले असतेस तर ही वेळ आली नसती. आणि तो विनोद होता, हे घरातल्या माणसाला सांगावे लागू नये. भावजींचे नाव तर मी घेतलेही नाही.

आता मुख्य भाग. सर्वांत मोठ्याने कोण हसले ठाऊक आहे? टाचणी सर. नियम मोडून उभे राहिले आणि समितीला म्हणाले, "असा हवा! वर्ग ताब्यात ठेवणारा! कुणाचे हो तुम्ही विद्यार्थी? माझ्या पठडीतले वाटता." त्यांनी मला ओळखले नव्हते. निवडीवर तिथेच शिक्कामोर्तब झाले.

ते वाक्य? ते बोलायचे राहिले. तेव्हा बोललो असतो तर नियुक्ती गेली असती. नंतर शिक्षकांच्या खोलीत चहा देताना सरांनी स्वतःहून तो किस्सा मला सांगितला. मागे एक हमालाचा पोरगा होता म्हणे. मी हसलो. ही मुत्सद्देगिरी होती. त्यांची खुर्ची मला मिळाली, याहून मोठा सूड कोणता? वाक्य काय, कधीही बोलता येईल.

वसतिगृह सोडून पुढल्या आठवड्यात इकडे खोली घेतो. उत्तर पाठव.

तुझा मामा, आता सर


४ एप्रिल

चि. वकीलबाईस,

उत्तर नाही. परीक्षा संपल्या, तेव्हा सबब नाही.

नवी खोली शाळेच्या मागच्याच रस्त्यावर आहे. खिडकीतून फाटक दिसते. दिवसभर मी पुस्तके लावत होतो आणि तुझे ते उत्तर तपासत होतो. घोंगडी आहे. सडक टाळली आहे. उजाडलेले नाही. बारा ओळी मी दोन वर्षे वाचत होतो.

तुझे उत्तर बरोबर असण्याची शक्यता आहे. हे मी लेखी देत आहे, यावरून माझ्या मनःस्थितीची कल्पना यावी.

रुसवा फार ताणू नये. भावजी काय म्हणाले? त्यांच्या कानावर काही गेले का?

मामा


९ एप्रिल

आदरणीय सर,

आपली दोन्ही पत्रं मिळाली. निवड झाल्याबद्दल अभिनंदन.

बाबांच्या कानावर काही गेलेलं नाही. त्यांनी विचारलं, मामाने कसं शिकवलं? मी म्हटलं, छान. त्यांनी विचारलं, तू उत्तर दिलंस का? मी म्हटलं, नाही. आईला पण मी काही सांगितलेलं नाही. ती फार खूश आहे. ती गाणं म्हणत कपडे वाळत घालते, ते मला मोडायचं नाही.

बाबांनी आपल्यासाठी पेन आणलंय. काळं, टोपणाला सोनेरी पट्टी. रविवारी ते घेऊन येणार आहेत. दोन वर्षांत ते कुणाकडे गेले नव्हते, आपल्याकडे निघालेत. कालपासून शर्टाला स्वतः इस्त्री करतायत, दोनदा करून झाली. म्हणाले, "त्याने आपल्यावर कधी शंका घेतली नाही. तसं पत्र आहे त्याचं." ते पत्र त्यांनी पाकिटात ठेवलंय.

आपण ते पेन घ्या. नको म्हणू नका, कबूल काही करू नका, डोळ्यांत पाणी वगैरे आणू नका. त्यांना कळता कामा नये. घ्या, आणि जूनपासून रोज खिशाला लावून वर्गावर या. मी बघणार आहे.

वर्गात मला आता कोठार म्हणतात. परीक्षेच्या वेळी एकीचा कंपास सापडेना. सगळ्यांनी फक्त माझ्याकडे बघितलं. मी उठले आणि माझं दप्तर बाकावर उलटं केलं. करून झाल्यावर मला कळलं की मला कुणी सांगितलं नव्हतं.

टाचणी सरांवर माझा राग नाही. ते मला ओळखत नाहीत. आपण ओळखता.

माझं उत्तर बरोबर असण्याची शक्यता आहे असं आपण लिहिलंत. ते पत्रात नको. जूनमध्ये वर्गात सांगा, त्याच मुलांसमोर, तेवढ्याच मोठ्याने. बाबांचं नाव न घेता केलेला तो विनोद जितका लांब गेला, तितकंच लांब हेही जाऊ दे. आपण सांगणार नाही, मला माहीत आहे. वर्ग ताब्यातून जाईल.

दहावीत पहिला बाक मी मागून घेतलाय. आपण कुठलाही प्रश्न विचारा, धड्यातला, कवितेतला, व्याकरणातला. माझा हात वर असेल. आपण माझ्यावरून नजर काढून मागच्या बाकाकडे न्याल, तेव्हाही असेल. तास संपेपर्यंत असेल. दुसऱ्या दिवशीही असेल.

आपली विद्यार्थिनी